शोरूममध्ये गिऱ्हाईक आलंय, कोणी बघतंय का?

२०२५ च्या दसऱ्याला आमच्याकडे नवी गाडी आली आणि तेव्हापासून जो भेटतो तो अ‍ॅव्हरेज किती देते एवढंच विचारतो. देते बाबा, बरं देते. पण मला बोलायचंय ते गाडीबद्दल नाहीच, ती विकणाऱ्यांबद्दल. म्हणजे आठ-साडेआठ लाखांची वस्तू घ्यायला माणूस आपल्या पायांनी दुकानात येतो, पैसे तयार आहेत असं सांगतो, आणि दुकानातल्या एकालाही त्याचं काही पडलेलं नसतं, हे या लोकांना जमतं कसं? लक्ष्मी रोडला सातशे रुपयांचा ड्रेस घ्यायला जा, तो माणूस गादीवर ढीग घालतो आणि काही न घेता उठलात तरी पुढच्या वेळी या म्हणतो.

आम्ही बघायला लागलो ते ऑगस्ट संपता संपता. तो काळ आठवत असेल तर बघा, पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करणार म्हणून जाहीर झालेलं, मग ३ सप्टेंबरला कौन्सिलची मीटिंग झाली आणि ठरलं की चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधीचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा १ टक्का सेस जाऊन नुसता १८ टक्के लागणार, पण २२ सप्टेंबरपासून. त्यात ८ तारखेपासून पितृपक्ष. आपल्याकडे पितृपक्षात लोक साधा मिक्सर घेत नाहीत, गाडी कुठली घेणार, आणि त्या वर्षी तर पितृपक्ष न पाळणारेसुद्धा २२ ची वाट बघत बसलेले, बरोब्बर घटस्थापनेचा दिवस. म्हणजे शोरूम ओस. मला वाटलं चला छान झालं, पोरांना वेळच वेळ असेल, निवांत सगळं विचारून घेऊ, चालवून बघू आणि बिल नवरात्रात करू.

कसलं काय. रिकामं शोरूम आणि रिकामटेकडं शोरूम यात फरक असतो तो तिथे कळला. पुण्यातलीच एक बऱ्यापैकी मोठी डीलरशिप, नाव कशाला घ्या. दारावरच्या वॉचमनकाकांनी नमस्कार केला तेवढाच काय तो नमस्कार. आत पाचसहा पोरं टाय लावून एका टेबलाभोवती, त्यातल्या एकाच्या मोबाईलवर मोठ्या आवाजात रील चालू, आमच्याकडे बघून परत मोबाईलमध्ये. रिसेप्शनच्या मुलीने टॅबवर नाव, मोबाईल नंबर, पिनकोड, कधीपर्यंत घ्यायचीय, जुनी गाडी द्यायचीय का, असं सगळं भरून घेतलं, ओटीपीसुद्धा मागितला, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, सर बसा, सेल्स कन्सल्टंट येतायत. सर बसले. मीही बसले. कागदी कपातली कॉफी आली, ती संपली, सेल्स कन्सल्टंट काही येईना, तो समोरच बसलेला दिसत होता तरी येईना!

इथे एक सांगायला हवं की आमच्या घरात गाडी मी चालवते. नवऱ्याकडे लायसन्स आहे पण तो स्कूटरचा माणूस, आणि गाडीचं लोनही माझ्या नावावर होणार होतं. हे, तो सेल्सचा पोरगा एकदाचा आला तेव्हा, मी त्याला बसल्या बसल्या सांगितलं. तरी पुढचं सगळं संभाषण, सर हे बघा, सर याला टचस्क्रीन येतो, सर हायवेला मस्त चालते, आणि मला काय विचारलं तर मॅडमना कुठला कलर आवडला? टेस्ट ड्राइव्हची चावी त्याने सरांच्या हातात दिली. सरांनी ती जशीच्या तशी माझ्याकडे दिली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, म्हणजे मी शोरूमच चालवायला मागितलंय असा.

टेस्ट ड्राइव्ह तरी काय, शोरूममधून बाहेर, सरळ रस्ता, पुढच्या चौकातून यू टर्न आणि परत. मला चढ हवा होता, कारण ऑटोमॅटिक घ्यायची होती आणि आमच्या सोसायटीचा रॅम्प असला भयंकर आहे की पावसाळ्यात तिथे भल्याभल्यांची गाडी मागे येते. तर म्हणे रूट ठरलेला आहे मॅडम. बरं म्हटलं, यात ऑटोमॅटिकचा कुठला प्रकार, एएमटी आहे की सीव्हीटी? तो म्हणाला, मॅडम ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक. आता मी काही मेकॅनिक नाही, पण एएमटी म्हणजे मूळ मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअर आपल्याऐवजी मशीन बदलतं, त्यामुळे गिअर पडताना जरा हिसका बसतो आणि चढावर थांबून उचलताना सवय लागते, एवढं यूट्यूबवर कोणालाही कळतं. ज्याचं पोटच त्यावर त्याला हे सांगता येऊ नये? सेफ्टी रेटिंग विचारलं तर म्हणे ५ स्टार. मी विचारलं, ग्लोबल एनकॅपचं की भारत एनकॅपचं, म्हणजे गाडी आपटून बघायची ती क्रॅश टेस्ट कोणाची, कारण आपलं भारत एनकॅप २०२३ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालंय ना. तो म्हणाला, दोन्ही एकच मॅडम. घरी येऊन बघितलं तर त्या मॉडेलचं भारत एनकॅपमध्ये टेस्टिंगच झालेलं नव्हतं.

पण माझं डोकं खरं फिरलं ते व्हीलचेअरवरून. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बाहेर जाताना फोल्डिंगची व्हीलचेअर लागते. म्हणून मी आधी हेच म्हटलं, डिकीत ती बसली पाहिजे, बाकी फीचर्स गेली खड्ड्यात. त्याने मान डोलावली आणि पुढच्या मिनिटाला म्हणाला, मॅडम सीएनजी घ्या, सगळे सीएनजीच घेतायत. अरे पण सीएनजीची टाकी कुठे असते? डिकीत. म्हणजे व्हीलचेअर कुठे, टपावर? मी परत सांगितलं. तो परत म्हणाला, मॅडम पण रनिंग कॉस्ट बघा ना. मग मी विचारलं, उद्या चेअर घेऊन येते, डिस्प्लेच्या गाडीत ठेवून बघू? तर म्हणे नको मॅडम, ओरखडे पडतात, ब्रोशरमध्ये लिटर दिलेत की. लिटर! व्हीलचेअर काय ओतायची आहे?

नवरा म्हणतो पोरगा नवीन असेल, सोड. पण नवीन नव्हता, कारण एका विषयात तो एकदम तयार होता. सुरुवातीला बसताच त्याने विचारलेलं, फायनान्स की कॅश? मी म्हटलं लोन, पण माझ्याच बँकेचं. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागातच काम करते, स्टाफचा रेट मिळतो, बाहेर कशाला जाऊ. हे ऐकलं आणि त्याचं अर्धं लक्ष गेलं. मग इन्शुरन्स आमच्याकडूनच ना? म्हटलं कोटेशन दाखवा, बाहेर कमी पडला तर बाहेरून. उरलेलं अर्धं पण गेलं. जुनी गाडी एक्स्चेंज? ती माझा मावसभाऊ घेतोय. झालं, त्यानंतर आम्ही त्याच्यासाठी फर्निचर होतो.

आणि हे मला कळतं, कारण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी रोज बसते. नुसती गाडी विकून डीलरला सुटतं ते थोडंच, त्यातनंच तो डिस्काउंट देतो. शिवाय शोरूमचं भाडं, एसी, डिस्प्लेच्या गाड्या, स्टॉकवरचं व्याज. कमाई असते ती लोनवर बँकेकडून मिळणाऱ्या पेआउटमध्ये, इन्शुरन्सच्या कमिशनमध्ये, अ‍ॅक्सेसरीजमध्ये, एक्सटेंडेड वॉरंटीत आणि मग पुढे वर्षानुवर्षं सर्व्हिसिंगमध्ये. आमच्या बँकेतल्या शिपायाचा मुलगा वर्षभर अशाच एका शोरूमला होता, तो सांगायचा की पगार नावाला, सगळं इन्सेंटिव्हवर, आणि इन्सेंटिव्ह नुसत्या गाडीवर नाही तर गाडीबरोबर लोन किती गेली, पॉलिसी किती गेल्या, सीट कव्हर किती गेली यावर. एन्क्वायरीलाही नावं असतात, हॉट, वॉर्म आणि कोल्ड. सकाळच्या मीटिंगला मॅनेजर फक्त हॉटवाल्यांचं विचारतो. म्हणजे स्वतःचं लोन, स्वतःचा इन्शुरन्स, एक्स्चेंज नाही आणि वर प्रश्न फार, असं गिऱ्हाईक म्हणजे त्या पोराच्या दृष्टीने दुपार वाया. त्याची बाजू मला कळते. पण मला गाडी घ्यायची होती, त्याची बाजू नाही.

कर्नाटकात तुमकूरला २०२२ च्या जानेवारीत एका शेतकऱ्याला शोरूममधला माणूस म्हणाला होता की खिशात दहा रुपये नसतील आणि गाडी घ्यायला आलाय, मग त्याने तासाभरात दहा लाख रोख आणून टेबलावर ठेवले, खूप गाजलं होतं ते. लोक अशा वेळी तीच गोष्ट सांगतात. पण मला वाटतं ती वेगळी. तिथे अपमान झाला, माणूस चिडला, पेटला, बातमी झाली. आमचा कोणी अपमान केला नाही हो, सर-मॅडमशिवाय बोलले नाहीत, कॉफीसुद्धा दिली. फक्त कोणी ऐकलं नाही. याची तक्रार कुठे करणार आणि काय म्हणून करणार?

आमच्या मामांना हे सगळं सांगितलं तर ते हसायलाच लागले. त्यांच्या काळी स्कूटरला पैसे भरून आठ-आठ दहा-दहा वर्षं थांबायचे लोक, कारखान्याने किती बनवायच्या तेच सरकारी लायसन्सने ठरवलेलं, त्यामुळे विकणाऱ्याला गोड बोलायची गरजच नव्हती. नंबर लागला की कुठला रंग येईल तो घ्यायचा. पोरीच्या जन्माला बुक केलेली स्कूटर तिच्या मुंजीच्या वयात आली असं मामा सांगतात, मुलींची मुंज होत नाही मामा म्हटलं तर म्हणे तेवढंच वय गं. ते ठीक होतं कारण माल नव्हता. पण आता दर चौकात शोरूम आहे, माल यार्डात उन्हात तापतोय, आणि वागणं तेच?

तर कोटेशन. ते मिळायलाच किती वेळ. आधी एका ब्रोशरच्या मागे पेनाने ऑन-रोडचा एकच आकडा लिहून दिला, ब्रेकअप मागितला तर म्हणे फायनलला बसू तेव्हा मॅनेजर सरांशी बोलू. मी उठायला लागले तेव्हा प्रिंट आली. त्यात एक्स-शोरूम किंमत, त्याखाली आरटीओ. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे आठ लाखांच्या गाडीला अठ्ठ्याऐंशी हजार, त्यात काही बोलायला जागा नाही. मग इन्शुरन्स. थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावीच लागते, १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये अधिक जीएसटी, तो दर सरकारने ठरवलेला, कुठेही घ्या तेवढाच. खेळ असतो तो ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, आणि झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट वगैरे अ‍ॅड-ऑनमध्ये. मी तीच आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, आणि तेच अ‍ॅड-ऑन टाकून मोबाईलवर दुसरं कोटेशन काढलं तर चांगलाच फरक. आणि माझा जुन्या गाडीवरचा ५० टक्के नो क्लेम बोनस त्याने धरलाच नव्हता! म्हणे मॅडम ती गाडी वेगळी, ही वेगळी. अहो नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकली की कंपनी तसं पत्र देते आणि ते तीन वर्षं चालतं. आता याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. बाहेरून इन्शुरन्स घेतला तर कॅशलेस होणार नाही आणि डिस्काउंट पण जाईल, हे मात्र लगेच माहीत होतं. कॅशलेस हे इन्शुरन्स कंपनीचं त्या वर्कशॉपशी टायअप आहे का यावर असतं, पॉलिसी कुठून घेतली यावर नाही. डिस्काउंट जाईल ते मेलवर लिहून द्या म्हटलं, तर म्हणे मेल नाही करत मॅडम आम्ही.

खाली हँडलिंग चार्जेस अशी एक ओळ होती. कशाचं हँडलिंग? यार्डातून गाडी आणायचं. म्हणजे दुकानदाराने गोडाऊनमधून साखर आणायचं भाडं गिऱ्हाईकाने द्यायचं. तेवढ्या रकमेचं वेगळं जीएसटी बिल द्या म्हटल्यावर मॅनेजर सर केबिनमधून पहिल्यांदा बाहेर आले, प्रिंट घेऊन आत गेले आणि नवी प्रिंट आली तेव्हा ती ओळ नव्हती. मग एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे पैसे वेगळे लावलेले, ते पण काढायला लावले, नव्या गाडीला २०१९ पासून ती कंपनीकडूनच येते. एसेन्शियल किट म्हणून मॅट, मडफ्लॅप, परफ्यूम आणि एक देवाची मूर्ती. मूर्ती एसेन्शियल!

आम्ही तिथून घेतली नाही, हे सांगायला नकोच. एक फोन मात्र रोज यायचा, रोज वेगळ्या मुलीचा, मॅडम तुम्ही इंटरेस्टेड आहात का, आणि मी जे जे सांगितलं होतं ते परत पहिल्यापासून. टॅबमध्ये ओटीपी घेऊन भरलेलं सगळं जातं कुठे देव जाणे.

शेवटी चिंचवडकडच्या एका डीलरकडे घेतली, कंपनी तीच, मॉडेल तेच. तिथेही बाहेरून सगळं तसंच, तोच काचेचा दरवाजा आणि तीच कॉफी, फक्त आमच्या वाट्याला आले ते एक केस पिकलेले गृहस्थ, टाय नाही, शर्टाच्या खिशात डायरी. त्यांनी विचारलं, ताई गाडी कोण चालवणार? मी म्हटलं मी. रोज किती फिरणार, पार्किंग कुठे, मागे कोण बसतं? तेव्हा मी व्हीलचेअरचं सांगितलं तर म्हणाले, घेऊन या की, नाहीतर एक मिनिट, आमच्या इथेच एक असेल, आणि सर्व्हिस सेंटरच्या कस्टमर लाउंजमधून खरंच एक व्हीलचेअर ढकलत घेऊन आले. सीटचं कापड मधोमध धरून वर ओढली, घडी केली, पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या आणि डिकीत घालायला गेले तर चाक अडकलं. आडवी करून बघितली, अडकलं. मग पार्सल ट्रे काढला, साठ-चाळीस अशी दोन भागांत पडणाऱ्या मागच्या सीटचा चाळीसचा भाग पाडला आणि तिरकी सरकवली तेव्हा डिकीचा दरवाजा बंद झाला. म्हणाले, बघा ताई, बसते, पण मग मागे दोनच माणसं बसणार, चालेल का ते घरी विचारून या, नाहीतर आमच्या शेजारच्या कंपनीची अमुक गाडी बघा, तिची डिकी मोठी आहे. शेजारच्या कंपनीची! नवरा माझ्याकडे बघायला लागला.

मागे दोनच तर बसतात आमच्याकडे, त्यामुळे ठरलं. त्यांनी गाडी चढावर पण न्यायला दिली, स्वतः शेजारी बसून म्हणाले, आता थांबवा, ब्रेक सोडा, बघा किती मागे येते. इन्शुरन्सबद्दल एकदा विचारलं, नको म्हटल्यावर पुन्हा विचारलं नाही. एक्सटेंडेड वॉरंटीसाठी मात्र मागे लागले, तेवढी घेतली मी. डिलिव्हरीआधी यार्डात नेऊन टायरवरचा चार आकडी नंबर दाखवला, २८२५ म्हणजे २०२५ च्या अठ्ठाविसाव्या आठवड्यातला टायर, म्हणाले हे बघायची सवय ठेवा, स्टॉकमध्ये कधी जुन्या गाड्या पडून असतात.

आता ते देवमाणूस वगैरे होते असं म्हणत नाही. २२ तारखेनंतर तिथेही जी झुंबड उडाली की फोन उचलेनात. दसरा २ ऑक्टोबरला, एका दिवसात शोरूममधून लग्नाच्या पंगतीसारख्या गाड्या निघत होत्या, प्रत्येक गाडीवर लाल सॅटिनचं कापड, नारळ, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची मोठी चावी हातात धरून फोटो, आणि फोटोवाला पुढचे पुढचे म्हणून ओरडतोय. हे गृहस्थ कुठेच दिसेनात. कबूल केलेले मॅट नव्हते, फास्टॅग लावलेला पण चालू झालेला नव्हता, आणि पेट्रोल इतकं की काटा हललाच नाही, पंपापर्यंत पोचतो की नाही याची धाकधूक. दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःहून फोन आला, ताई काल भेटता आलं नाही, मॅट पाठवतो, आणि खरंच पाठवले. एवढंच. एवढ्यावर मी खूश, यावरून बाकीच्यांची लेव्हल समजा.

मग आठवड्याने कंपनीच्या कॉल सेंटरचा फोन. त्याआधी शोरूममधून विनवणी येऊन गेलेली की मॅडम दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी आमचं कापतात. तर प्रश्न असे, शोरूम स्वच्छ होतं का? चहा-कॉफी विचारली का? गाडी दिली तेव्हा धुतलेली होती का? सगळ्याला दहा दिले. मी म्हटलं, ज्यांनी गाडी दाखवली त्यांच्याबद्दल सांगायचंय, त्यांनी व्हीलचेअर बसवून दाखवली डिकीत. पलीकडची मुलगी जरा थांबली, म्हणाली, मॅडम त्याला ऑप्शन नाहीये, मी ओव्हरऑलमध्ये टाकते. मग म्हणाली, तुमच्या ओळखीत कोणी गाडी घेणारं आहे का? आहे ना म्हटलं, माझी नणंद घेतेय, पण तिचा नंबर तुम्हाला नाही देणार, तिला त्या गृहस्थांचा दिलाय.